पाणी घोट्याला आहे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मला ओळखणारा कोणी हे वाचत असेल तर त्याला इथेच हसू फुटेल. या माणसाच्या पोटात एखादी गोष्ट राहिलीच कशी? नाशकात यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

मी बोलका माणूस. भांडी बाजारात तांब्यापितळेचं दुकान आहे. गिऱ्हाईक घंगाळ घ्यायला येतं आणि गोष्ट घेऊन जातं, असं माझी बायको सुमन म्हणायची. साखरपुडा असो, वास्तुशांत असो, तेरावं असो — हो, तेराव्यालासुद्धा — लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसतात. मी गुरुजींची नक्कल करतो, सासूबाईंची करतो, दुकानात घासाघीस करणाऱ्या लासलगावच्या व्याह्यांची करतो. हसून हसून लोकांचा घास अडकला की मला मनापासून बरं वाटतं. या वयात दुसरं कुठलं व्यसन नाही, एवढं एकच आहे.

पण एक गोष्ट आत राहिली. तिच्यात नक्कल नाही. ती मनातल्या मनात सांगू लागलो तरी हातांचं काय करावं ते मला कळत नाही.

आधी मारुतीचं सांगतो. पाहा — लगेच आडवाट धरली. पण मारुतीशिवाय ती गोष्ट कळायची नाही, म्हणून ऐकून घ्या.

आमच्याकडे गोदावरीच्या पात्रातच एक उंच, शेंदरी मारुती उभा आहे. दुतोंड्या मारुती. एक तोंड इकडे, एक तिकडे. बाकीचं जग पूर मीटरमध्ये मोजतं, आम्ही मारुतीच्या अंगावर मोजतो. पाणी घोट्याला लागलं की घाटावरच्या हातगाडीवाल्यांनी फक्त कान टवकारायचे. गुडघ्याला लागलं की गाड्यांच्या साखळ्या सोडायच्या आणि वरचा रस्ता धरायचा. कमरेला आलं की घाटावर माणूस राहायचा नाही. छातीला आलं की आम्ही बाजारातले लोक दुकानांतला माल वरच्या फळ्यांवर चढवतो. हे कुठे लिहिलेलं नाही. माझ्या वडिलांना ठाऊक होतं, मला ठाऊक आहे, चहाच्या गाडीवाल्यालाही ठाऊक आहे.

आणि माझं घर असं आहे की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मारुती समोर दिसतो. मधे झाड नाही, तार नाही. त्यामुळे पावसाळ्यात मी राजा. घाटावरच्या विक्रेत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. पाऊस लागला की त्यावर एकच प्रश्न यायचा — नाना, पाणी कुठवर? मी गॅलरीत जायचो, घसा साफ करायचो आणि बोलून मेसेज टाकायचो. नुसतं ‘घोट्याला’ म्हटलं तर तो मी कसला? मारुतीराय आज पाय भिजवून बसलेत, सर्दी होईल म्हणून काळजीत आहेत. मारुतीराय आज धोतर वर खोचून उभे आहेत, तेव्हा पोरींनो, आपापले गजरे उचला. लोक ते मेसेज पुढे पाठवायचे. नाशिकबाहेरूनही ऐकायचे. मला त्याचा किती आनंद व्हायचा, हे सांगायला आज लाज वाटते.

पुलाच्या खालच्या अंगाला, जिथून मारुती दिसत नाही, तिथे पुंजाराम आणि हिराबाईचा चहाचा गाडा होता. सायखेड्याकडची माणसं. थोडी शेती भावाकडे टाकून इकडे आलेली. पुंजाराम कमी बोलायचा आणि मी जास्त, म्हणून आमचं जमायचं. माझी गोष्ट तो चहा गाळता गाळता ऐकायचा, शेवटी नुसता नाकातून हसायचा. त्या हसण्यासाठी मी दोन मजले उतरून — तीन, तीन मजले उतरून — रोज दुपारी जायचो. हिराबाई म्हणायची, “नाना, तुमच्या गोष्टीपायी ह्यांचं दूध उतू जातं. उतू गेलेलं तुमच्याच कपात घालीन एक दिवस.”

आता खरं सांगायला सुरुवात करतो. म्हणजे जरा खरं.

मी गॅलरीत असलो काय आणि नसलो काय, माझा अंदाज बरोबर यायचा. कारण आमचा पूर धरणातून यायचा. वरच्या अंगाला पाऊस पडतो, धरण भरतं, दरवाजे उघडतात, सोडलेल्या पाण्याचा आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर येतो आणि तास-दोन तासांनी ते पाणी रामकुंडापाशी पोचतं. एवढं पाणी सोडलं की मारुती एवढा बुडणार, हे मला पाठ झालं होतं. तेव्हा कधीतरी मी दुकानातूनच मेसेज टाकला. आवाज मात्र असा काढला की समोर नदी आहे. बरोबर आलं. मग एकदा सिन्नरहून टाकला. बरोबर आलं. एकदा तर केस कापून घेताना, न्हाव्याला हाताने थांबवून, ‘मी गॅलरीत उभा आहे’ असं म्हणालो आणि न्हाव्याला डोळा मारला. तो इतका हसला की माझा एक कल्ला तिरपा झाला.

तुम्हीही हसलात ना? मीही हसायचो.

ती दुपार गणपती उठून गेल्यानंतरची. पिंपळगाव बसवंतला, सुमनच्या मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. हॉल हायवेला लागून, मागे द्राक्षांचं पॅकहाउस, पुढे टेम्पोंची रांग. तिकडे कडक ऊन होतं. इतकं कडक, की सप्टेंबर आहे की मे, अशी चर्चा चालली होती. द्राक्षबागायतदार मंडळी सगळी. छाटणी धरावी की थांबावं, यावर वाद. हवामानाचा भरवसा उरला नाही, असं प्रत्येक जण म्हणत होता. ऑक्टोबरात पाऊस येतो आणि घड जिरवतो, फेब्रुवारीत गारा येतात आणि मणी फोडतात. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, पूर्वी आम्ही आभाळाकडे बघून कळवायचो, आता मोबाइलकडे बघतो, आणि दोघंही खोटं बोलतात. सगळे हसले. मी ते वाक्य मनात टिपून ठेवलं — पुढे कुठेतरी वापरायला.

जेवणं झाली. माझ्याभोवती खुर्च्या लागल्या. आणि सव्वातीन वाजता ग्रुपवर पुंजारामचा मेसेज आला.

तो कधी मेसेज टाकायचा नाही. म्हणून मी उठलो, हॉलच्या मागे जाऊन ऐकला. पावसाचा प्रचंड आवाज, आणि त्यात पुंजारामचा. तो म्हणत होता, “नाना, इकडं लय पडतोय. पाणी काळं आलंय, गटारीचा वास हाय त्याला. गाडा काढू का? हिरा दूध आणाया पंचवटीत गेलीय. कुठवर हाय ते सांगा.”

काळं पाणी. गटारीचा वास. मला तेव्हाच कळायला हवं होतं, नाही का? धरणाचं पाणी तांबडं येतं, त्याला मातीचा वास असतो. काळं पाणी म्हणजे ते धरणातून आलेलंच नव्हतं. ते शहराचं होतं. नाशकावरच आभाळ फुटलं होतं, सगळे नाले एकदम नदीत येत होते, आणि मी तीस किलोमीटरवर उन्हात उभा होतो.

मी धरणाचा आकडा पाहिला. एकही दरवाजा उघडा नव्हता. माझ्या हिशेबाने पाणी घोट्याच्या वर जाणं शक्यच नव्हतं. मी एवढंच म्हणू शकलो असतो की, पुंजा, मी घरी नाही, तू स्वतः वर जाऊन बघ. आठ-नऊ शब्द. का नाही म्हणालो?

कारण मी गॅलरीतला नाना होतो. ग्रुपवर साठ-सत्तर माणसं होती. ‘मी घरी नाही’ म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, मग मागच्या वेळी होतात का? एवढंच. याहून मोठं कारण शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नाही सापडलं.

मी घसा साफ केला. आणि बोललो. शब्द न् शब्द आठवतो. “पुंजाराव, मी गॅलरीत उभा आहे. मारुतीराय समोर आहेत, पाणी घोट्याला आहे, एक दरवाजा उघडलेला नाही. हा नुसता वरवरचा पाऊस आहे. गाडा हलवू नका. लोकांना आल्याचा चहा पाजा, असा धंदा रोज होत नाही.”

हॉलच्या मागे जनरेटर चालू होता. त्याची घरघर मेसेजमध्ये आली. नंतर ज्यांनी ज्यांनी तो ऐकला त्यांनी मला सांगितलं की मागे नदीचा आवाज काय भयानक येतोय.

वळलो तर सुमन दारात उभी होती. पान घेऊन आली होती माझ्यासाठी. तिने पान दिलं आणि आत गेली.

मी परत जाऊन बसलो. माझी एक गोष्ट आहे, वडिलांनी उधारीवर हत्तीला घंगाळ विकलं ती. तिला वीस मिनिटं लागतात आणि शेवट अगदी शेवटच्या शब्दात आहे. ती रंगात आली होती. खिशात फोन थरथरला. काढून पाहिला — पुंजाराम. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फोन मांडीवर उलटा ठेवला. पुन्हा थरथरला. मी हात त्याच्यावर दाबून धरला आणि हत्तीची सोंड करून दाखवली.

हे लिहायला मला इतकी पानं लागली. तेवढंच लिहायचं होतं खरं तर. फोन वाजत होता आणि मी सोंड करत होतो.

पुंजाराम त्याच्या गाड्यापाशी गेला. म्हणजे वाहून गेला. पुलाखाली पावसाला आडोशाला थांबलेल्या लोकांना तो चहा देत राहिला. नानांनी सांगितलंय, घोट्यालाच आहे, असं त्याने त्यांनाही सांगितलं. ते सगळे शेवटी कंटाळून पावसातच निघून गेले, म्हणून वाचले. पाणी गाड्याखालच्या ओट्यावर चढलं तेव्हा तो साखळीचं कुलूप काढायला वाकला. तोवर मागच्या बाजूचा नाला भरून वरचा रस्ता तुटला होता. हिराबाई पलीकडच्या काठावर दुधाची पिशवी घेऊन उभी होती. तिने पाहिलं.

दोन दिवसांनी तो सायखेड्याजवळ सापडला. त्याच्या गावच्या काठाला. त्यावर लोक बरंच काही बोलले, नदीने घरी आणलं वगैरे. मी ते वाक्यही पुढे वापरलं. हो — वापरलं.

सायखेड्याच्या काठावर माझी कसोटी होती. बायका हिराबाईला धरून बसल्या होत्या. मी गेलो तर ती उठली, माझा हात धरला आणि विचारलं, “नाना, तुमी तर डोळ्यानं बघत व्हता. तवा घोट्यालाच व्हतं ना?”

ती माझ्यावर आळ घेत नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं की तिचा माणूस वेडेपणाने थांबला नाही. आणि मला भीती वाटली. कसली? पोलिसांची नाही. तिथे जमलेले तीस-चाळीस चेहरे माझ्याकडे वळले होते, जसे नेहमी वळतात, आणि या वेळी मी त्यांच्यासमोर अगदी लहान होणार होतो, त्याची भीती वाटली. मी म्हणालो, “घोट्यालाच होतं, हिराबाई. मी बघत होतो. आणि मग दहा मिनिटांत, माझ्या डोळ्यांदेखत, घोट्यावरून छातीला.”

दहा मिनिटं. तिथल्या तिथे सुचली. गोष्टीला बरी वाटली.

आणि तिने मान हलवली. म्हणाली, “मग कुनाचाच इलाज नव्हता.” ती मला माफ करत नव्हती, कारण तिच्या लेखी माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पाणीच फिरलं होतं. हवामानच फिरलं होतं. सगळे तेच म्हणाले. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी घाटासमोरच्या लॉजच्या मॅनेजरने मला बोलावलं. त्यांच्या कॅमेऱ्यात कोपऱ्यातून मारुती दिसतो. तुम्हीच बघा नाना, तुम्हाला कळेल, म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे गेला. मी एकटाच बसून पाहिलं. पडद्यावर वर वेळ लिहिलेली होती. सव्वातीनला, मी जनरेटरपाशी उभा राहून मारुतीचं वर्णन करत होतो तेव्हा, पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर होतं. गुडघा — साखळ्या सोडायच्या आणि वर जायचं. तिथून ते चढत गेलं. भराभर, पण चढत गेलं, उडी मारून नाही. छातीला लागलं तेव्हा साडेचार वाजले होते.

मॅनेजरने विचारलं, दिसलं का काही. मी म्हणालो, पावसात काही कळत नाही हो. काही दिवसांनी त्या चित्रणावर नवं चित्रण चढलं, तसं ते आपोआप चढतं. ते मला ठाऊक होतं. मी दिवस मोजले होते.

यानंतरचं मला सगळ्यात अवघड जातं. कारण यानंतर मी मोठा झालो.

एका शाळेने बोलावलं. पुराचा साक्षीदार म्हणून. मी गेलो, आणि काय सांगू, जमलं. मग दुसऱ्या शाळेने, मग सोसायट्यांनी, मग ज्येष्ठ नागरिक संघाने. मी वाचायला लागलो, खरोखर वाचलं. शिकलो. दुकानातून घंगाळ आणि पंचा घेऊन जायचो. पंचा पाण्यात बुडवून वर धरायचो आणि म्हणायचो, मुलांनो, ही आपली हवा. हवा जितकी तापते तितकं जास्त पाणी धरून ठेवते. ती तापवली कोणी? आपण. कोळसा जाळून, पेट्रोल जाळून, त्याच्या धुराची गोधडी पृथ्वीवर पांघरून. समुद्र तापला, वाफ वाढली, पंचा जड झाला. मग कोणीतरी तो एकदम पिळतो — आणि मी पिळायचो, पहिल्या बाकावरची मुलं भिजायची, वर्ग खिदळायचा. पूर्वी चार दिवस रिमझिम पडायचं ते आता एका दुपारी पडतं, आणि मधले दिवस कोरडे जातात. त्यात आपण नाले झाकले, नदीला सिमेंटची चड्डी घातली, टेकड्या सोलल्या. कांदाचाळीत कांदा सडतो, बागेतला घड कुजतो, नाशिकची थंडी आजोबांच्या फोटोत उरली. आणि मग मी आवाज खाली आणायचो. आणि मग एक दुपार. मी गॅलरीत उभा होतो. दहा मिनिटं, मुलांनो. घोट्यावरून छातीला. तिथे कोणी खिदळायचं नाही.

त्यातलं सगळं खरं आहे. गोधडी खरी आहे, पंचा खरा आहे, ती दुपारही त्यामुळेच तशी आली. फक्त मी गॅलरीत नव्हतो, आणि दहा मिनिटं नव्हती.

एवढ्या सगळ्या खऱ्याच्या आड एक खोटं किती सुखाने राहतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला आहे. मी जितक्या तळमळीने जगाचं पाप सांगायचो तितकं माझं झाकत जायचं. सगळ्या पृथ्वीचा दोष म्हटला की एका माणसाचा कुठे शोधणार?

पण मला घाबरवलं ते यानंतरच्या गोष्टीने. मी रोज घाबरून जगतो ते यामुळे.

मागच्या वर्षी एक इंजिनिअर बाई आल्या. नदीकाठी पुराची सूचना कशी द्यावी, याचं काम करत होत्या. घाटावर फिरून विक्रेत्यांना विचारत होत्या, पूर्वी तुम्ही मारुतीवर लक्ष ठेवायचात, आता कोण ठेवतं? मी तिथेच चहा पीत बसलो होतो. एक गजरेवाली म्हणाली, “आता कोन बघतंय मॅडम? बघून उपेग काय? नानांनी डोळ्यानं बघितलं तरी धाच मिन्टं मिळाली. आता आलं तर आलं.” बाकीच्यांनी माना हलवल्या. मग त्या बाईंनी वही उघडून मला विचारलं, सर, नक्की दहा मिनिटं? मी म्हणालो, फार तर बारा.

त्यांनी लिहून घेतलं.

त्या ग्रुपवर आता सुविचार येतात. पाणी कुठवर, हे कोणी विचारत नाही. साखळ्यांची कुलपं गंजली आहेत. पूर्वी गुडघ्याला पाणी लागलं की आपोआप हलणारी माणसं आता बसून राहतात, कारण मी त्यांना शिकवलं की काहीच करता येत नाही. पुंजारामच्या बाबतीत मी एका माणसाला थांबवलं होतं. त्यानंतर मी सगळा घाट थांबवून ठेवला.

आणि हिराबाई तिथेच आहे. त्याच जागी, पुलाच्या खालच्या अंगाला, नवीन गाडा घेऊन, तसाच साखळीने बांधलेला. दुपारी मला बघून स्टूल पुढे सरकवते. बसा नाना, म्हणते. माझ्या कपात साय घालते. पुंजारामचा फोन गेला त्याच्याबरोबर, पण ग्रुपवरचा माझा तो मेसेज तिच्या फोनमध्ये आहे. एकदा तिने मला ऐकवला. म्हणाली, ह्यांनी शेवटचं ऐकलं ते तुमचं बोलनं, म्हनून ठेवलंय.

आता दुपारी ऊन काळवंडलं की मी हातातलं काम टाकतो. कोणी विचारलं नाही तरी मी गॅलरीत जातो. दर पाच मिनिटांनी जातो. पाऊस नसला तरी जातो. गटारीचा वास आला, मग तो कुठूनही येवो, की मी कठडा गाठतो. मोबाइल थरथरला की मी दचकतो, तो गॅसवाल्याचा असला तरी. नदीबद्दल आता मला काही कळत नाही. धरणाचा आकडा पाठ आहे, पण आभाळ कुठे फुटेल त्याचा आकडा कोणाकडे आहे? मागच्या महिन्यात भर उन्हात एकदम ढग आले. मी गॅलरीत कठडा धरून उभा राहिलो, पाणी घोट्याला लागलेलं दिसलं, आणि मी हिराबाईला फोन लावला. काय सांगणार होतो? ऊठ, वर जा? तिने विचारलं असतं, कशाला नाना, धाच मिन्टं तर असतात. मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी पाणी उतरलं. उतरलं म्हणून काही झालं नाही. इतकंच.

सुमनबद्दल लिहायचं राहिलं. त्या दुपारनंतर ती माझ्या गोष्टींना हसत नाही. वाढते, आवरते, गोळ्यांची आठवण करते. शाळेच्या कार्यक्रमांना येत नाही. हे सगळं मी लिहायला बसलो तेव्हा तिने दिवा माझ्याकडे सरकवला आणि एकच विचारलं, “पान देताना मी होते, ते लिहिणार का?” मी म्हटलं, नको असेल तर गाळतो. ती म्हणाली, “लिहा. मीही गप्प होते.”

इथवर लिहून मी थांबलो होतो. वाटलं होतं, छापायला द्यावं आणि मोकळं व्हावं. पण म्हणजे हिराबाईला दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं. पुन्हा तीच तऱ्हा — मी लांब उभा, बोलणं तिच्यापर्यंत पोचलेलं. म्हणून परवा दुपारी कागद घेऊन खाली गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. तिने स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो नाही. उभ्यानेच वाचायला लागलो, पण कागदावरचं जमेना, तेव्हा तोंडानेच सांगितलं. पिंपळगाव, जनरेटर. फोन आला तो. दुसऱ्यांदा आला तो. हत्तीचंही सांगितलं. आवाज बदलला नाही, हात हलवले नाहीत. मग लॉजमधल्या पडद्यावर काय दिसलं ते सांगितलं.

ती स्टोव्हकडे बघत ऐकत होती. मी संपवल्यावर म्हणाली, “सव्वा तास?”

मी हो म्हणालो.

तिने स्टोव्ह बंद केला. मग बोटांच्या पेरांवर मिनिटं मोजायला लागली, ओठ हलवत, माझ्याकडे न बघता. साखळी सोडायला एवढं. डबे नि बरण्या टोपलीत. स्टोव्ह थंड व्हायला थोडा वेळ, आमचे हे थंड केल्याबिगर उचलत नसत. गाडा दोघांनी ढकलायचा, पण एकट्याला जास्त लागंल. चढावर दोनदा दम खायला थांबायचं. हे सगळं ती अर्धवट मोठ्याने म्हणत होती. पेरं संपली, ती दुसऱ्या हातावर गेली, आणि तिथे दोन पेरांवरच थांबली.

“पुरला असता,” ती म्हणाली. “निम्मासुद्धा लागला नसता, नाना.”

मी म्हणालो, हो.